शाळेचा होकार आणि लेखी तरतूद

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या पालकांची शाळेशी बोलताना नकारापेक्षा होकारानेच जास्त दमछाक होते, असे म्हटले तर ज्यांना हा अनुभव नाही त्यांना ते चमत्कारिक वाटेल. नकार मिळाला तर निदान त्याची कारणे मागता येतात, त्याला उत्तर देता येते, वर दाद मागता येते. पण ‘काळजी करू नका, आम्ही तिला सांभाळून घेऊ’ या होकाराचे काय करायचे? कोण सांभाळणार, कोणत्या तासाला, कशा रीतीने, आणि या शिक्षिका पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गावर गेल्या तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. आणि बोलणारी व्यक्ती मनापासून बोलत असल्यामुळे हे प्रश्न विचारणे आपल्यालाच कृतघ्नपणाचे वाटू लागते.

माझ्या मुलीला डिसलेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचन आणि लेखन या दोन्हींशी संबंधित अध्ययन अक्षमता आहे. ती फळ्यावरून मजकूर उतरवून घेत असताना तिच्याकडे थोडा वेळ पाहिले, तर अहवाल वाचण्याची फारशी गरज उरत नाही. एखाददुसऱ्या अक्षरानंतर तिची मान वर जाते, परत खाली येईपर्यंत वहीतली जागा हरवते, ती सापडेपर्यंत फळ्यावरची ओळ हरवते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते आणि कागदावर अक्षराच्या आधी, हा देवनागरीचा रिवाज आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ती मात्र ‘शिक्षण’ लिहिताना आधी ‘श’ काढते, मग वेलांटीसाठी मागे वळते, आणि तोवर पुढचा ‘क्ष’ डोक्यातून निसटलेला असतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल तर रोजचीच आहे. याच मुलीला अमावास्येला चंद्र का दिसत नाही असे तोंडी विचारले, तर ती पेन्सिल, खोडरबर आणि स्वतःचे डोके यांना सूर्य, चंद्र आणि पृथ्वी करून, खोडरबर फिरवत, त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे केव्हा नसते हे नीट दाखवते. चाचणीच्या कागदावर मात्र त्याच प्रश्नाखाली दीड ओळ असते आणि तिच्यात तीन खाडाखोडी.

ही तफावत काही नवी नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली होती. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण वाचन काही केल्या जमत नव्हते. त्याला काही वर्षे शिकवलेल्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. त्या शिक्षकांजवळ ना चाचण्या होत्या, ना अहवाल, ना कायदा. तरीही काय बदलायला हवे हे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले होते. मला या नोंदीचे अप्रूप वाटते आणि थोडा रागही येतो, कारण हेच वाक्य मान्य करून घेण्यासाठी आजही पालकांना फायली घेऊन बसावे लागते.

फाइल मात्र लागते, आणि तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे मानसशास्त्रज्ञांचा मूल्यमापन अहवाल. हा अहवाल बहुतेक शाळांत शेवटच्या पानावरच्या निष्कर्षापुरता वाचला जातो, किंवा बुद्ध्यांकाचा एकच आकडा पाहून बाजूला ठेवला जातो. त्या एका आकड्यानेच घोटाळा होतो. मुलांच्या बुद्धिमापनासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेश्लर चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत पाच मुख्य निर्देशांक असतात: भाषिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता, तर्कशक्ती, कार्यकारी स्मृती (म्हणजे ऐकलेले-पाहिलेले काही क्षण मनात धरून वापरणे) आणि प्रक्रियेचा वेग (म्हणजे सोपी कामे किती झटपट उरकतात). प्रत्येकाची सरासरी १०० धरलेली असते. एखाद्या मुलाचे भाषिक आकलन ११५ आणि प्रक्रियेचा वेग ८५ आला, तर त्याचा अर्थ असा की समवयस्क १०० मुलांमध्ये समजण्याच्या बाबतीत तो सुमारे ८४ जणांच्या पुढे आहे आणि वेगाच्या बाबतीत जेमतेम १६ जणांच्या. दोन्हींची गोळाबेरीज केली की मूल ‘साधारण’ दिसते, शाळा म्हणते सर्व ठीक आहे, आणि मुलाची खरी अडचण त्या सरासरीखाली दबून जाते. म्हणून पहिल्या बैठकीला जाण्यापूर्वी आम्ही मानसशास्त्रज्ञांकडून या आकड्यांचा वर्गातला अर्थ समजावून घेतला आणि तो एका पानावर आमच्या शब्दांत लिहून काढला: तिला एका दमात तीन सूचना दिल्या तर तिसरी लक्षात राहत नाही, उतरवून घ्यायला सांगितले तर ऐकणे थांबते, वेळ लावून लिहायला बसवले तर येत असलेलेही कागदावर येत नाही. बैठकीत मूळ अहवाल फक्त समुपदेशकांनी चाळला, हे एक पान मात्र सगळ्यांनी वाचले.

बैठकीला वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका आणि समुपदेशक होत्या, आणि तिघींपैकी कोणाच्याही मनात आमच्या मुलीविषयी आकस नव्हता, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. वर्गशिक्षिकांनी तिच्या चित्रांचे कौतुक केले, तिला पुढच्या बाकावर बसवल्याचे सांगितले, ‘थोडी मोठी झाली की येईल तिला’ असा धीरही दिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘तुम्ही घरी सराव घ्या, इथे आम्ही बघतोच आहोत.’ माझ्या पत्नीने शांतपणे विचारले, ‘मॅडम, येत्या सोमवारी विज्ञानाच्या तासाला नेमके वेगळे काय होईल?’ यावर सगळे गप्प झाले. त्या क्षणापर्यंत जे काही बोलले गेले होते त्यातले सोमवारी दिसेल असे काहीच नव्हते, हे त्यांच्याही ध्यानात आले असावे, कारण बैठकीचा सूर तिथून बदलला.

तेव्हापासून प्रत्येक आश्वासन या कसोटीवर घासून पाहण्याची आम्हांला सवय लागली. ‘लिहिण्याचा ताण कमी करू’ हे ऐकायला बरे वाटते, पण ती तरतूद होत नाही. विज्ञान आणि इतिहासाच्या तासांना फळ्यावर लिहायच्या मजकुराची छापील प्रत विषयशिक्षिका तासाच्या सुरुवातीला देतील, ती वहीत चिकटवली तरी वही पूर्ण धरली जाईल, आणि शिक्षिका रजेवर असतील त्या दिवशी वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या वहीचे छायाचित्र मिळेल, ही झाली तरतूद. ‘शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करू’ यातही अशीच गोम आहे, कारण दुर्लक्ष कोणत्या विषयात? भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत ‘नदी’ ऱ्हस्व लिहिली म्हणून गुण जायला नकोत. मराठीच्या श्रुतलेखनात मात्र शुद्धलेखनच तपासायचे असते, तिथे सूट मागण्यात अर्थ नाही, तिथे शब्दांची यादी लहान करून मागावी किंवा तोच धडा वेगळ्या पद्धतीने शिकवण्याचा आग्रह धरावा.

हा फरक पालकांनी पक्का समजून घेतला पाहिजे, कारण शाळेतली निम्मी वादावादी त्याच्या अभावी होते. परीक्षा नेमके काय मोजते, हा त्यातला कळीचा प्रश्न. विज्ञानाची परीक्षा विज्ञान मोजत असेल, तर उत्तर हाताने लिहिले की तोंडी सांगितले याने मोजमाप बिघडत नाही, उलट ते अधिक खरे होते. वाचनाच्या आकलनाची चाचणी असेल आणि उतारा दुसऱ्या कोणी वाचून दाखवला, तर मात्र आपण वाचनाऐवजी श्रवण मोजले. पहिली गोष्ट हक्काने मागता येते. दुसरी मागायची झाल्यास आपण अभ्यासक्रमातला बदल मागत आहोत, याचे भान ठेवून आणि त्याचे पुढचे परिणाम विचारून मागावी. पोटतिडकीने बोलणारे पालक कधीकधी दोन्ही एकाच दमात मागतात, शिक्षक दुसरीला योग्य कारणाने नकार देतात, आणि त्या नकाराच्या ओघात पहिलीही वाहून जाते.

‘मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?’ हा प्रश्न आम्हांला अपेक्षित होता आणि तो आला. या प्रश्नावर अनेक पालक चष्म्याची उपमा देतात. मी ती देत नाही, कारण चष्मा लावला की दृष्टी जवळजवळ पूर्ववत होते, तर वाढीव वेळ मिळाला म्हणून माझ्या मुलीचे वाचन पूर्ववत होत नाही. ती दमते, मागे राहते, फक्त येत असलेले मांडायला तिला थोडी जागा मिळते. याविषयी संशोधन झालेले आहे. परीक्षेतील सोयींवरच्या अभ्यासांचा एक सविस्तर आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की वाढीव वेळेचा फायदा अक्षमता नसलेल्या मुलांनाही काही प्रमाणात होतो, पण अक्षमता असलेल्या मुलांना तो अधिक होतो. यातला पहिला भाग शिक्षकांपासून लपवण्याचे कारण नाही. वाढीव वेळेने सगळ्यांचेच गुण सुधारत असतील, तर त्या परीक्षेत घड्याळाला नको इतके महत्त्व दिले गेले आहे, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो, आणि तसे मी बैठकीत म्हणालोही. त्यावर समुपदेशक हसल्या; मुख्याध्यापिका हसल्या नाहीत.

कायद्याचा उल्लेख केव्हा करावा, हा नाजूक मुद्दा आहे. पहिल्याच वाक्यात कलम फेकले की समोरची माणसे सावध होतात आणि पुढचे सगळे बोलणे जपून होते. पण कायदा मुळीच माहीत नसला तर आपण मागतो ती मेहेरबानी आहे असे आपल्यालाच वाटत राहते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव मानलेला आहे, आणि त्यातले २४ वे कलम शिक्षणाविषयी आहे. वाजवी म्हणजे काय याची मर्यादाही तिथेच घातली आहे: सोय करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक पात्र मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा बंधनकारक केला, तो ठरवताना पालकांना सहभागी करून घेणे आवश्यक ठरवले आणि वर्षातून किमान एकदा त्याचा आढावा घेणे सक्तीचे केले. भारतात १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे फक्त सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश नव्हता; २०१६ च्या कायद्यात प्रकार २१ झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे नाव त्यांत आले. तपशील देशोदेशी निराळे आहेत. मात्र आम्ही जे मागत होतो त्यातल्या बहुतेक गोष्टींना, म्हणजे छापील प्रत, बाकाची जागा, तोंडी उत्तर, तुकड्यातुकड्याने दिलेली सूचना यांना, बोजा म्हणण्यासारखा खर्च नव्हता. लागणार होता तो शिक्षिकांचा वेळ, आणि तो फुकट नसतो हे मान्य करूनच आम्ही बोललो. भरगच्च वर्ग, वह्यांचे गठ्ठे आणि वर शाळेबाहेरची कामे सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडून आणखी एक गोष्ट मागताना, तिच्या कामातली कोणती गोष्ट त्यामुळे हलकी होईल हेही सुचवता आले तर फार फरक पडतो. छापील टिपणांच्या प्रती आम्ही काढून आणू, एवढे म्हटल्यावर ती अट पाच मिनिटांत मान्य झाली.

बैठक संपली की त्याच संध्याकाळी ई-मेल लिहावा, हा सल्ला मला दुसऱ्या एका पालकाने दिला होता आणि त्याहून उपयोगी सल्ला मला मिळालेला नाही. त्यात तक्रार नसावी आणि आभारांचा पूरही नसावा. आज अमुक ठरले, अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून ते करणार आहेत, आमच्याकडून समजण्यात काही राहिले असल्यास कळवावे, एवढेच. तोंडी झालेले बोलणे अशा पत्राने तारीखवार कागद बनते, आणि बोलणारी माणसे बदलली तरी तो कागद टिकतो. आमच्या मुलीच्या बाबतीत वर्गशिक्षिका वर्षाच्या मध्येच बदलल्या. नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला वर्गासमोर उभे करून धडा वाचायला सांगितला, कारण त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. तो ई-मेल त्यांच्यापर्यंत पोहोचल्यावर पुन्हा तसे झाले नाही. त्यांचा यात काहीच दोष नव्हता. माहिती एका माणसाच्या चांगुलपणात साठवलेली असली की त्या माणसाबरोबरच ती निघून जाते.

कागदावर आलेली तरतूद प्रत्यक्षात वेडीवाकडी होऊ शकते, याकडेही लक्ष ठेवावे लागते. चाचणीसाठी वाढीव वेळ मान्य झाला, पण तो वेळापत्रकात बसवताना मधल्या सुट्टीतून काढला गेला. आम्हांला हे घरी उशिरा कळले, कारण मुलीला वाटत होते की जादा वेळ हवा असेल तर खेळ सोडावाच लागतो. दिवसभर इतरांपेक्षा अधिक कष्टाने वाचणाऱ्या मुलीची हक्काची सुट्टी सोयीच्या नावाखाली काढून घेणे, ही मला शिक्षाच वाटते, आणि या एका मुद्द्यावर आमचा आवाज चढला. आता चाचणी आधीच्या तासापासून सुरू होते. लेखनिकाचेही तसेच आहे. लेखनिक मिळाला की प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते, पण मनातले उत्तर दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे: वाक्य पूर्ण जुळवून मग बोलायचे, विरामचिन्हे सांगायची, आकृतीची वर्णने करायची, लिहिलेले परत वाचून घ्यायचे. याचा सराव वर्षभर नसेल तर ऐन परीक्षेत अनोळखी माणसाशेजारी बसलेले मूल गांगरते आणि स्वतः लिहिले असते त्याहून थोडकेच सांगते. आमच्या घरी आता रविवारी ती सांगते आणि मी लिहितो. मुद्दामच मी तिच्या मनातले ओळखत नाही. सांगितले तेवढेच लिहितो, आणि त्यावरून आमची अधूनमधून भांडणेही होतात.

मुलाला या सगळ्यात कुठे बसवायचे, याविषयी पालकांमध्ये दोन तट आहेत. बैठकीतले बोलणे मुलाच्या कानावर पडू नये असे काहींना वाटते, आणि त्यामागची काळजी मला समजते. आपल्या उणिवांची चर्चा मोठ्यांनी टेबलाभोवती बसून करावी, हे कोणालाही सुखाचे नसते. मी मात्र दुसऱ्या तटातला आहे. पूर्ण बैठकीत नव्हे, पण शेवटची दहा मिनिटे तरी मूल तिथे असावे आणि त्याला बोलू द्यावे. आमच्या मुलीने दुसऱ्या बैठकीत सांगितलेली गोष्ट आमच्या यादीत नव्हतीच: ‘मला वाचायला सांगा, पण कोणता परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा.’ तिला वाचनातून सूट मिळावी म्हणून आम्ही धडपडत होतो आणि तिला सूट नको होती, तयारीला वेळ हवा होता. शिक्षिकांना हे सर्वांत सोपे वाटले. आता आदल्या दिवशी वहीत परिच्छेदाचा क्रमांक लिहून येतो, ती तो घरी वाचून पाहते, अवघड शब्दांवर पेन्सिलीने रेघा मारते, आणि वर्गात इतरांसारखीच उभी राहून वाचते.

काही गोष्टी अजून मार्गी लागलेल्या नाहीत. गणिताच्या शिक्षकांचा पाढ्यांचा तक्ता वापरू देण्यास विरोध आहे, आणि पाढे पाठ असणे व गणित समजणे या दोहोंतला फरक त्यांना पटवून देण्याचे काम चालू आहे. त्यांचे म्हणणे असे की पुढच्या इयत्तेत तक्ता मिळाला नाही तर ती अडेल. आमचे म्हणणे असे की अपूर्णांकाच्या तासाला अपूर्णांक शिकवावेत, आणि पाढ्यांसाठी वेगळा वेळ काढावा. तूर्त तक्ता वर्गकार्यात चालेल, चाचणीत नाही, अशी तडजोड झाली आहे आणि ती पहिल्या सत्रापुरतीच आहे, असे ई-मेलमध्ये नोंदवले आहे.

पुढच्या आढावा बैठकीसाठी या वेळी यादी मुलीनेच सांगितली आणि मी लिहून घेतली. पुढचा बाक तिला नको आहे, कारण तिची मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसते आणि छापील प्रत हातात असल्यावर फळ्याजवळ बसण्याचे कारणही उरत नाही. लेखनिक इतिहासाला हवा, विज्ञानाला नको; विज्ञानात आकृत्या स्वतः काढायच्या आहेत, मात्र त्यासाठी वाढीव वेळ तसाच ठेवावा. बाकाची तरतूद रद्द करावी, असे मी मसुद्यात पहिल्या क्रमांकावर घातले आहे. मागण्या वाढवणारे पालक शाळेने पुष्कळ पाहिलेले असतील, पण एक मागणी मुलीनेच सोडून दिल्यावर उरलेल्या दोन अधिक सहज मान्य होतील, असा माझा अंदाज आहे.